तिसऱ्याच्या मैदानावरचा सामना आणि आपला गल्ला

दिवाळीपासून मे अखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर स्पर्धांचा हंगाम असतो. उरण-पेणपासून मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत कुठे टेनिस चेंडूचे क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे रात्रीचे प्रकाशझोतातले सामने. या हंगामात जर्सीवाला, मंडपवाला, लाऊडस्पीकरवाला, वडापाव-चहाची गाडी लावणारा, बिर्याणीची देग उतरवणारा असे आपले अनेक बंधू चार पैसे कमावतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्यामुळे आमच्याकडेही जर्सीच्या ऑर्डरी येतात, आणि दरवर्षी एक प्रश्न हटकून निघतो. दोन गावांचा सामना तिसऱ्या गावाच्या मैदानावर ठरला की पैसा कुठून येतो, कुणाच्या हातात जातो आणि ऐनवेळी जागा बदलली तर माल कुणाच्या अंगावर पडतो?

मराठीत याला तटस्थ मैदान म्हणतात, उर्दू वर्तमानपत्रांत ग़ैर-जानिबदार मैदान. शब्द ऐकून वाटते की इथे कुणाचाच फायदा नाही. हिशोब पाहिला तर चित्र वेगळे दिसते. खेळ हा शौकाचा विषय खरा, पण त्याच्या आजूबाजूला जो बाजार भरतो तो आपला विषय आहे, म्हणून या आठवड्याचा धडा यावर.

सामन्याच्या पैशाच्या तीन थैल्या असतात. पहिली तिकिटाची, दुसरी प्रक्षेपणाची म्हणजे टीव्ही आणि मोबाइलची, तिसरी बाजाराची. तिसरीत हॉटेल, रिक्षा, खाणेपिणे, झेंडे, टोप्या, जर्सी सगळे आले. सामना संघाच्या स्वतःच्या गावी असला की पहिली थैली त्या संघाची आणि तिसरी त्या गावाची. सामना बाहेर गेला की तिसरी थैली नव्या गावाला जाते आणि पहिलीवर भांडण सुरू होते. दुसरीला मात्र धक्काही लागत नाही. क्रिकेट मंडळाने आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. सामने धरले ४१०, म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. घरी बसून पाहणाऱ्याला सामना वानखेडेवर आहे की विशाखापट्टणमला, याने काही फरक पडत नाही. म्हणून सामना हलवण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला चिमटा बसत नाही. चिमटा बसतो तो मैदानाबाहेर टोप्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. ही एवढी गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

आता तटस्थ मैदान फायद्याचे केव्हा ठरते ते पाहू. अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल हा लाखोंचा खेळ आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही, हातात चेंडू घेऊन पळण्याचा आहे, पण ते सोडा. टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांचा सामना १९२९ पासून दरवर्षी डॅलस शहरात होतो. डॅलस दोघांच्याही गावापासून साधारण तीनशे किलोमीटरवर, जवळजवळ मध्यावर. स्टेडियम ९२ हजार लोकांचे. तिकिटे निम्मी एका विद्यापीठाची, निम्मी दुसऱ्याची, आणि मैदानाच्या मधल्या रेषेवर प्रेक्षकांचे रंगसुद्धा दोन भागांत वाटलेले. सामना भरतो राज्याच्या मोठ्या जत्रेच्या दिवसांत, जत्रेच्याच आवारात, आणि सामन्याच्या तिकिटात जत्रेचा प्रवेश धरलेला असतो.

हिशोब असा. दोघे आळीपाळीने एकमेकांच्या गावी खेळले असते, तर प्रत्येकाला एक वर्षाआड पूर्ण तिकीट मिळाले असते आणि मधल्या वर्षी काही नाही. डॅलसला दरवर्षी निम्मे मिळते. दोन वर्षांची बेरीज सारखीच. मग तिथे का जायचे? कारण एक तर उत्पन्न दरवर्षी येते, आणि ठरावीक येणाऱ्या पैशावर खर्चाची आखणी करता येते, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय डॅलस शहर आणि जत्रा भरवणारी संस्था सामना तिथेच राहावा म्हणून दोन्ही विद्यापीठांना वरून रक्कम देतात. शहर हे पैसे दानधर्म म्हणून देत नाही. एका दिवसात नव्वद हजार गिऱ्हाईक गावात येते, राहते, खाते, म्हणून देते. आणि तोटा कुणाचा? विद्यापीठांच्या गावातल्या हॉटेलवाल्यांचा आणि दुकानदारांचा. त्यांचा दोन वर्षांतला एक मोठा आठवडा कायमचा गेला, आणि करारावर सह्या होताना त्यांना कुणी विचारले नव्हते.

आपल्या लोकांना याहून जवळचे उदाहरण शारजाचे आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस त्या काळी आखातात होता, आणि सुट्टीवर आला की खजूर, अत्तर आणि शारजाच्या सामन्याच्या गोष्टी घेऊन यायचा. अब्दुल रहमान बुखातीर हे शारजाचे अरब व्यापारी. कराचीत शिकायला होते, तिथे क्रिकेटचा नाद लागला. १९८१ मध्ये त्यांनी गावसकर आणि मियाँदाद यांच्या संघांचा सामना शारजात भरवला. १९८४ मध्ये आशिया चषक तिथे झाला. वाळवंटात मैदान, स्वतःचा मोठा संघ नाही, तरी भारत-पाकिस्तानचे सामने तिथे तुडुंब भरत. भारत आणि पाकिस्तानच्या जुन्या-नव्या खेळाडूंना त्यातून मदतनिधीच्या थैल्या मिळत, ही त्यातली चांगली बाजू.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर बुखातीर यांनी गिऱ्हाईक आणले नाही, गिऱ्हाईक होते तिथे दुकान उघडले. दोन्ही देशांचे कामगार, कारकून, ड्रायव्हर, दुकानदार आधीच तिथे राहत होते. त्यांना विमानाचे तिकीट लागत नव्हते, टॅक्सीत चौघांनी भाडे वाटून घेतले की झाले. वारही पाहा. १८ एप्रिल १९८६ रोजी मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तो अंतिम सामना शुक्रवारी होता. २४ एप्रिल १९९८ रोजी सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम सामन्यात शतक केले तोही शुक्रवारच. तिथे सुट्टीचा दिवस शुक्रवार. ज्या दिवशी गिऱ्हाइकाला फुरसत, त्याच दिवशी दुकान उघडे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही तिथेच दिसली. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाला आणि पाकिस्तानला घरचे सामने बाहेर खेळावे लागले. बरीच वर्षे त्यांचे 'घर' अबू धाबी, दुबई आणि शारजा हेच होते. कसोटी सामने पुन्हा पाकिस्तानात सुरू झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये. त्या काळात आमिरातीत कसोट्या होत तेव्हा बाके बऱ्याचदा रिकामी दिसत. शहर तेच, कामगारही त्याच मुलखांतले, पण पाच दिवसांच्या सामन्यातले बहुतेक दिवस कामाचे. पाळी सोडून कोण जाणार? घरचे तिकीट गेले आणि बाहेरचा खर्च वाढला, असा दुहेरी भार त्यांच्या मंडळावर पडला.

शारजाच्या धंद्याचा शेवटही लक्षात ठेवावा. २००१ मध्ये भारत सरकारने आपल्या संघाला तिथे खेळण्यास मनाई केली. सामने निश्चित करण्याच्या प्रकरणांनी त्या काळात क्रिकेटचे नाव खराब झाले होते. सट्टा हा जुगार आहे, आणि तो जिथे शिरतो तिथली रोजी नासते. दोन मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने पाठ फिरवल्यावर २००३ नंतर काही वर्षे तिथले मोठे सामने बंदच पडले. स्वतःचा संघ नसलेल्या मैदानाचे हे दुखणे आहे. पाहुणे आले तर ईद, नाही आले तर रोजा.

आपल्या देशात या प्रयोगाचा उलटा नमुना २०१६-१७ च्या रणजी हंगामात दिसला. यजमान संघ आपल्या सोयीची खेळपट्टी बनवतात अशी तक्रार होती, म्हणून मंडळाने सगळे सामने तिसऱ्याच ठिकाणी ठेवले. हेतू वाईट नव्हता. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ धावांची भागी केली, ती कुठे? मुंबईच्या वानखेडेवर. पुण्याच्या पोराने साडेतीनशे धावा केल्या आणि पुण्याच्या लोकांनी ते पेपरात वाचले. नोव्हेंबरात दिल्लीच्या धुराने बंगाल-गुजरात सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला. दोघांपैकी कुणाचे घर दिल्लीत नव्हते, तरी फटका दोघांना. पुढच्याच हंगामात मंडळाने घरचे-बाहेरचे सामने पुन्हा सुरू केले. रणजीला तसेही तिकिटाचे उत्पन्न नाही. जे दोन-चारशे लोक आपल्या गावच्या पोराला पाहायला येत, तेही या पद्धतीत तुटले. डॅलस आणि शारजा चालले कारण दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक तिथे होते किंवा पोहोचू शकत होते. रणजीत दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक घरीच राहिले.

आता जागेच्या मालकाकडे वळू, कारण तटस्थ मैदान म्हटले तरी त्याला मालक असतोच. मुंबईतली जुनी चौरंगी स्पर्धा वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेली आहे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. सामने होत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, म्हणजे चारांपैकी एकाच्या घरी. १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न स्टेडियम बांधले आणि स्पर्धा तिथे गेली. पाचवा संघ आला, चौरंगीची पंचरंगी झाली. मैदान आता कोणत्याही एका जमातीचे नव्हते, तेव्हा भांडण मिटायला हवे होते. झाले उलट. वाद निघाला आसनांच्या वाटपावरून. आपल्या वाट्याला आलेली आसने कमी आहेत म्हणून हिंदू जिमखान्याने त्या वर्षी संघच उतरवला नाही. त्या वर्षी स्पर्धा मुस्लिम संघाने जिंकली, पण सगळ्यात मोठे गिऱ्हाईक बाहेर राहिल्यावर त्या जिंकण्याची गोडी किती, हे जाणत्यांनी ओळखावे. या वादाकडे पुष्कळ लोक जातीय नजरेने पाहतात. आमच्या मते त्याची मुळे हिशोबाची आहेत. ज्याच्या हातात आसन, त्याच्या हातात तिकिटाचा पैसा आणि सभासदांची मर्जी.

त्याच ब्रेबॉर्नवर तोच वाद पुन्हा पेटला. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने सामने भरवायचे आणि मैदान क्लबचे. किती तिकिटे कुणाला, यावरून वर्षानुवर्षे तणातणी चालली. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी काही मिनिटांच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम उभे केले. काम सुमारे तेरा महिन्यांत झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर कसोटी आली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी. आसनांचा हिस्सा सोडला नाही आणि सगळे गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत गेले. गाळ्याचे भाडे अवाच्या सवा मागणाऱ्या घरमालकांना हा किस्सा ऐकवावा.

आतापर्यंत ठरवून केलेल्या तटस्थ सामन्यांची गोष्ट झाली. आपल्याला जास्त त्रास होतो तो ठरलेला सामना हलला की. २०१६ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. लातूरला रेल्वेने पाणी जात होते. खेळपट्ट्यांवर पाणी ओतण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाने १३ एप्रिलला आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यावेत. तेरा सामन्यांचा प्रश्न होता. पुढे पुण्याच्या १ मेच्या एका सामन्याला मुभा मिळाली, बाकीचे गेले. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांनी विशाखापट्टणम निवडले, अंतिम सामना बंगळूरला गेला. निर्णय योग्यच होता, तहानलेल्या माणसापुढे खेळ काय. पण संघांना प्रक्षेपणाचा वाटा मिळाला, तिकिटाचा थोडाफार मिळाला. मैदानाबाहेर विकायला जर्सी छापून ठेवलेल्या माणसाला काय मिळाले? त्याच्याकडे कुणाचा कागदच नव्हता.

दोन वर्षांनी वारा आपल्या बाजूने वाहिला. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटले आणि चेन्नई संघाचे राहिलेले सहा घरचे सामने पुण्याला आले. संघाने सुमारे हजार चाहत्यांना खास रेल्वेने पुण्याला आणले, म्हणजे गिऱ्हाईकही बरोबर आणले. गहुंज्याच्या रस्त्यावर त्या दिवसांत पिवळ्या कपड्याला भाव आला असेल, हे सांगायला कापडवालाच लागतो असे नाही. २०२२ ला तर आयपीएलचे साखळीतले सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०, वानखेडेवर २०, ब्रेबॉर्न आणि गहुंजे येथे प्रत्येकी १५. कोरोनामुळे सुरुवातीला प्रेक्षक २५ टक्केच घ्यायचे होते, पुढे ५० टक्के. सामने जास्त, माणसे कमी. सामन्यांचा आकडा ऐकून माल भरला असता तर तो पडून राहिला असता. माल भरायचा तो येणारी माणसे मोजून.

कबड्डी ही तर आपल्या मातीतली. प्रो कबड्डी लीग २०१४ ला सुरू झाली तेव्हा संघांच्या शहरांतून फिरत असे. २०२३-२४ च्या हंगामात पुन्हा बारा शहरे झाली. २०२४ ला तीनच राहिली, हैदराबाद, नोएडा आणि पुणे. मुंबईचा संघ असून मुंबईत एकही सामना नाही. २०२५ ला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली. महाराष्ट्राचे दोन संघ, महाराष्ट्रात सामना शून्य. पुणेरी पलटन अंतिम फेरीत पोहोचला, सामना दिल्लीत झाला आणि दिल्ली जिंकली. चालकांचा हिशोब साधा आहे. बारा ठिकाणी मॅट, दिवे, कॅमेरे, माणसे हलवण्यापेक्षा चार ठिकाणी हलवणे स्वस्त, आणि टीव्हीचे पैसे तेवढेच. रोहा-पेणच्या पोरांना आपल्या संघाचा खेळ पाहायला आता मोबाइलच.

सगळ्यात विचित्र प्रकार २०२५ ने दाखवला. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या देशात खेळणार नाहीत, तिसऱ्या ठिकाणी खेळतील असे ठरले. त्यामुळे चॅम्पियन्स ट्रॉफीचा यजमान पाकिस्तान, पण भारत जिंकत गेला म्हणून उपांत्य आणि अंतिम सामना दुबईत. भारत आधीच बाहेर पडला असता तर अंतिम सामना लाहोरला झाला असता. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघांनाही आधी दुबईला जावे लागले, कारण भारतापुढे कोण येणार ते ठरायचे होते. मग आफ्रिकेचा संघ उपांत्य सामन्यासाठी परत लाहोरला. त्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात हाच प्रकार आपल्या दारात आला. बंगळूरला ४ जूनला चेंगराचेंगरीत माणसे मेली, त्यानंतर ऑगस्टमध्ये तिथले सामने काढून नेरुळला दिले. अंतिम सामना नेरुळला, पण पाकिस्तान अंतिम फेरीत गेल्यास कोलंबोला, अशी शर्त. पाकिस्तान उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. २ नोव्हेंबरला नेरुळला सामना झाला आणि भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पनवेल-उरणच्या धंदेवाल्यांना आनंद झाला, तो रास्त आहे. पण स्पर्धा सुरू झाली तेव्हा अंतिम सामन्याचे गाव पक्के नव्हते, हे किती जणांना ठाऊक होते?

आपल्या फिकहमध्ये ज्याला 'गरर' म्हणतात ते हेच. ज्या व्यवहारात वस्तू हातात येईल की नाही हेच ठाऊक नाही तो व्यवहार टाळावा, आणि त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे पाण्यातली मासळी जाळ्यात येण्याआधी विकणे. किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. न ठरलेल्या गावच्या सामन्यासाठी गावाचे नाव छापून माल तयार करणे ही पाण्यातली मासळीच.

आता आपल्या गावच्या स्पर्धा. इथे तिकीट नसते आणि प्रक्षेपण यूट्यूबपुरते. पहिल्या दोन थैल्या जवळजवळ रिकाम्या, तिसरी तेवढी भरलेली. संघांची प्रवेश फी, आखातातल्या किंवा मुंबईतल्या भावांनी दिलेली बक्षिसे आणि गाळ्यांचे भाडे यावर स्पर्धा उभी राहते. खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे गाव भांडले की सामना तिसऱ्या गावी जातो. गावाचे नाव घेत नाही, पण मागे अशाच एका स्पर्धेच्या जर्सी दुसऱ्या एका व्यापाऱ्याने छापल्या. सोळा संघ, प्रत्येकी बारा, एकशे ब्याण्णव नग. छातीवर गावाचे नाव, खाली तारीख. दोन मंडळांचे बिनसले आणि स्पर्धा दुसरीकडे गेली. जुने यजमान म्हणाले, नवे पैसे देतील. नवे म्हणाले, आम्ही ऑर्डर दिलीच नव्हती. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. छापलेल्या पॉलिएस्टरचा रंग उतरत नाही, हे मात्र दोघांनाही ठाऊक होते.

म्हणून जर्सीवर संघाचे नाव आणि खेळाडूचा आकडा छापावा, हा माल संघाचा, सामना कुठेही गेला तरी तो अंगात घालून खेळेल. स्पर्धेचे नाव छापायचे तर त्याचे पैसे आयोजकांकडून आगाऊ घ्यावेत. गाव आणि तारीख छापूच नये, फारच आग्रह असेल तर त्या छपाईचा पूर्ण पैसा आधी. बयाणा निम्म्याहून कमी घेऊ नये, कारण कापड आणि छपाई मिळून निम्म्यापेक्षा जास्त खर्च कात्री लागण्याच्या दिवशीच होऊन जातो. आणि ऑर्डर एका माणसाच्या नावावर घ्यावी. मंडळ उद्या फुटू शकते, सही केलेला माणूस गावातच राहतो. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, याची ताकीद कुरआनच्या सगळ्यात लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण तिची तिलावत करतो आणि ऑर्डर फोनवर घेतो.

मंडपवाल्यांनी सामान उतरवण्याची आणि पुन्हा भरण्याची मजुरी भाड्यात मिसळू नये, वेगळी लिहावी. जागा बदलली की भाडे एकदाच मिळते, मजुरी मात्र दोनदा द्यावी लागते. बिर्याणीवाल्यांनी देगांचा आकडा आदल्या रात्री पक्का करावा आणि त्यानंतर कमी केल्यास पैसे कापले जाणार नाहीत हे आधी बोलून ठेवावे.

खाण्याच्या गाळ्याचे भाडे ठरावीक द्यावे की विक्रीचा हिस्सा द्यावा, हे मैदान कुणाचे त्यावर ठरवावे. समजा ठरावीक भाडे ३,००० आहे आणि हिस्सा शेकडा दहा. गर्दी चांगली झाली, विक्री ४०,००० झाली, तर हिस्सा ४,०००, म्हणजे ठरावीक भाडे स्वस्त पडले. गर्दी आली नाही, विक्री १२,००० वर थांबली, तर हिस्सा १,२०० आणि भाडे ३,०००च. यजमान गावाचा स्वतःचा तगडा संघ असेल तर तो शेवटपर्यंत टिकतो आणि गर्दीही टिकते, तिथे ठरावीक भाडे द्यायला हरकत नाही. तिसऱ्या गावच्या मैदानावर, जिथे खेळणारे दोघेही परके, तिथे आयोजकांनाही हिश्शात घ्यावे. त्यांचे उत्पन्न आपल्या विक्रीला बांधलेले असले की लाऊडस्पीकरवर गाळ्याची जाहिरातही ते आठवणीने करतात.

मांडव्याच्या बाजूला जागा ठरली असेल तर आणखी एक पाहावे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट येते, त्यामुळे मुंबईचे संघ आणि त्यांचे पाठीराखे गाड्यांसह थेट उतरतात. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक पोहोचते. पण सामना रात्री उशिरापर्यंत चालणार असेल, तर त्या दिवशीची शेवटची बोट किती वाजता सुटते ते धक्क्यावर विचारून घ्यावे आणि देगेचा आकडा त्यानंतर ठरवावा.